भुशातला बर्फ

जिवंत बोकडाच्या शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. चितळ, सांबर यांचंही थोड्याफार फरकाने तेवढंच. जनावर मेलं म्हणून ही ऊब लगेच जात नाही. कातड्याखाली, जाड मांसात आणि हाडांच्या सांध्यांत ती कितीतरी तास दबा धरून राहते. मांस टिकवायचं असेल तर ती बाहेर काढणं हे पहिलं काम. थंड प्रदेशात ते सोपं असतं, कारण मांस सावलीत टांगलं की वारा बाकीचं करतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी मात्र सावलीतली हवाच ४४ अंशांवर असते. ३९ अंशांचं मांस कातड्यासकट अशा हवेत टांगलं, तर निवण्याऐवजी ते हळूहळू तापायला लागेल.

शिकारीचं मांस रानात ताजं कसं ठेवत, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे फार अवघड होता. त्याचं अर्धं उत्तर लकडगंजच्या रस्त्यांवर आजही पोत्यांत भरून पडलेलं दिसतं.

लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार, नावच ते सांगतं. वखारींतून सागाचे ओंडके रचलेले, आरा मशीनचा तो कानठळ्या बसवणारा चढता सूर, आणि पात्याखाली साचत जाणारा पिवळट-तपकिरी भुसा. कारागिराच्या भुवयांवर, चहाच्या ग्लासाच्या काठावर, सायकलच्या सीटवर, सगळीकडे त्याची पातळ साय धरलेली असते. या भुशाला वखारवाल्याच्या हिशेबात फारशी किंमत नाही. पण घरोघरी फ्रिज येण्याआधीच्या जगात उन्हाळा आणि बर्फ यांच्यामध्ये उभा राहणारा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा पहारेकरी हाच होता.

माझ्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पॉटचं आइस्क्रीम करायचं ठरलं की बर्फाची लादी आणायला कोणीतरी सायकल काढायचं. लादी तरटाच्या पोत्यात, आणि पोत्यात लाकडाचा भुसा. घरी आल्यावर नळाखाली धरून तो भुसा धुवायचा. थंडगार पाण्याबरोबर हातावरून लाकडाचा वास ओघळायचा. भर दुपारी डांबर वितळलेल्या रस्त्यावरून आलेली ती लादी कडांना जराशी गोल झालेली असायची, इतकंच. तेव्हा त्याचं नवल वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आधी रानातली गोष्ट घेऊ. १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि आजूबाजूची सातपुड्यातली जंगलं इंग्रज अधिकाऱ्यांच्या फिरतीची आणि शिकारीची भूमी बनली. जेम्स फोर्सिथ यांचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ साली आलं, रॉबर्ट स्टर्नडेल यांचं ‘सिवनी’ १८७७ साली, आणि वनाधिकारी डनबार ब्रँडर यांचं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक १९२३ साली. शिकारीचा हा काळ मी गौरवाने सांगत नाही. त्या बंदुकांनी आपल्या रानांचं काय केलं ते आपण आजही भोगतो आहोत. पण तंबूत राहणाऱ्या माणसांपुढे एक रोकडा प्रश्न असायचा. जवळ बर्फ नाही, वाहतूक बैलगाडीची, आणि समोर सांबरासारखं दोन-अडीचशे किलोंचं जनावर. एवढं मांस एका संध्याकाळी संपत नाही.

मांस नासतं म्हणजे काय होतं? निरोगी जनावराच्या आतल्या मांसात जंतू जवळपास नसतातच. ते येतात बाहेरून. कातडीवरच्या केसांतून, फुटलेल्या आतड्यातून, सुरीवरून, हातांवरून आणि माशीच्या पायांवरून. ऊबदार, ओल्या पृष्ठभागावर ते बसले की वाढायला लागतात. मनासारखी परिस्थिती मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूचे सात तासांत वीस लाखांवर जंतू होतात, हा हिशेब कोणीही कागदावर दुप्पट-दुप्पट करून पाहावा. साधारण ५ ते ६० अंश हा त्यांच्या सुखाचा पट्टा. पाचाच्या खाली गेलात की जंतू मरत नाहीत, पण त्यांची चाल इतकी मंदावते की आपल्याला दिवस मिळतात.

युरोपीय संघाचा नियम याच हिशेबावर उभा आहे. तिथे शिकारीचं मांस कायद्याने विकता येतं, पण मोठ्या जनावराचं मांस ७ अंशांपर्यंत आणि छोट्याचं ४ अंशांपर्यंत निववावं लागतं.

म्हणून जाणता शिकारी जनावर पडल्याबरोबर पहिल्यांदा पोट उघडायचा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चाऱ्याचं आंबवण चालूच असतं. जनावर मेलं तरी ते थांबत नाही, त्यातून वायू आणि उष्णता निघत राहते. मग कातडं. कातडं म्हणजे निसर्गाने अंगावर घातलेली रजई. ती अंगावर ठेवून मांस निवणं शक्य नाही. आणि मग मागच्या पायाचा जाड फरा. खरी कसोटी इथे लागते. वरून हात लावाल तर फरा गार लागतो, पण मांडीचं हाड जिथे कमरेच्या खोबणीत बसतं तिथे सुरीचं टोक घालून बाहेर काढा आणि ते मनगटाला लावून पाहा, अजून कोमट असतं. उष्णता मांसातून फार सावकाश सरकते आणि जाडी दुप्पट झाली की निवायला सुमारे चौपट वेळ लागतो. चार तासांत निवणारा तुकडा दुप्पट जाड असेल तर सोळा तास. नासण्याची सुरुवात बहुधा तिथेच, हाडाच्या कडेला होते. बाहेरून लालबुंद, छान दिसणारा फरा कापायला घेतल्यावर आतून आंबट वास येतो तो याच कारणाने. उपाय एकच आहे. हाडालगत उभी चीर देऊन मांस उघडायचं, किंवा सरळ हाडच काढून टाकायचं.

अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात आजही परवाना घेऊन एल्क मारणारे लोक दोन-दोन दिवस पायी चालत मांस पाठीवर आणतात. त्यांचीही पद्धत हीच. जनावराचे चार-पाच भाग करायचे, ते पातळ सुती पिशव्यांत घालायचे आणि सावलीत, वाऱ्याला टांगायचे. प्लॅस्टिकची पिशवी ते निवेपर्यंत जवळ येऊ देत नाहीत, कारण तिच्यात वाफ कोंडते. सुती कापडातून वारा जातो आणि माशी अडते. मांसाचा पृष्ठभाग वाऱ्याने वाळून त्यावर पातळ, कडक पापुद्रा धरला की अर्धी लढाई जिंकली. ओल्या मांसावर अंडी घालणारी निळी माशी कोरड्या पापुद्र्यावर सहसा फिरकत नाही आणि जंतूंनाही पाण्याशिवाय वाढता येत नाही. म्हणून टिकवायच्या मांसावर पाणी ओतू नये. आपल्याकडे मटण आणल्याबरोबर धुण्याची सवय आहे. लगेच शिजवणार असाल तर ठीक, पण ठेवायचं असेल तर कोरडंच ठेवा.

सातपुड्यातल्या डिसेंबर-जानेवारीत हे सगळं जमून जायचं. रात्री पारा दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. मांस रात्रभर उघड्यावर टांगलं की पहाटे ते हाताला दगडासारखं गार लागतं. पण दिवस उजाडल्यावर काय करायचं? घोंगडी आणि ताडपत्री घेऊन ते गच्च गुंडाळायचं आणि दाट झाडाखाली ठेवायचं. मांसाला पांघरूण घालायचं म्हटल्यावर नवख्या माणसाला वाटतं, हे तर उबवणं झालं. पण पांघरूण ऊब निर्माण करत नाही. ते फक्त आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवतं. रात्री उघडायचं, दिवसा झाकायचं. जुन्या नागपुरातल्या बायका उन्हाळ्यात घराचं हेच करतात. पहाटे खिडक्या सताड उघडायच्या आणि नऊ वाजले की दारं-खिडक्या बंद करून पडदे ओढायचे.

मे महिन्यात मात्र रात्रही तीस अंशांच्या घरात असते. तिथे उपयोगी पडतं ते पाणी. वाळ्याची ताटी, माठ, कूलर ही नागपूरकरांची सगळी उन्हाळी आयुधं एकाच तत्त्वावर चालतात. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, आणि किती ओढतं ते ऐकण्यासारखं आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० घेतं. म्हणजे ओल्या फडक्यातून उडून गेलेलं एक लिटर पाणी सात किलो बर्फाचं काम करून जातं. मांस सुती कापडात गुंडाळून वर ओलं तरट टाकायचं आणि वाऱ्याच्या वाटेवर टांगायचं, यामागचा हिशेब हा आहे. मात्र ओल तरटाला हवी, आतल्या मांसाला नको. मध्ये हवेची फट ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

या उपायाला एक मर्यादा आहे. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर बाष्पीभवनाने गाठता येणारा तळ साधारण २३ अंशांचा. याखाली वाळ्याची ताटी नेत नाही, माठ नेत नाही. ३९ वरून २३ वर येणं पुष्कळ आहे, तेवढ्याने काही तास हाती लागतात. पण जंतूंच्या सुखाच्या पट्ट्यातून मांस अजून बाहेर पडलेलं नसतं. पावसाळ्यात हवाच ओली झाल्यावर तर हा उपायही जातो.

मग उरतात दोन रस्ते. पहिला पाणी काढून टाकण्याचा, दुसरा बर्फाचा.

पहिला रस्ता ज्यांना बर्फ कधी परवडला नाही त्यांनी शोधला आणि पूर्णत्वाला नेला. मराठवाड्यात आणि विदर्भात दलित वस्त्यांमधून मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालत. त्या वाळलेल्या तुकड्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने हे खाद्यविश्व मराठी वाचकापुढे मांडलं, त्यालाही बराच उशीर झाला होता. चान्यांत मला दिसतं ते उत्तम दर्जाचं अन्नशास्त्र. पट्टी पातळ कापली की उष्णता आणि पाणी दोन्ही लवकर निघतात. ताज्या मांसात वजनाच्या सुमारे पाऊण भाग पाणी असतं. ते उडालं की जंतूला प्यायला थेंब राहत नाही. ज्या उन्हाने चितळाचा फरा नासतो, त्याच उन्हात पातळ पट्टी टिकाऊ होते. गडचिरोलीकडे मांस-मासळी चुलीवरच्या धुरात वाळवतात, तिथे उष्णतेच्या जोडीला धूरही जंतूंना आणि माश्यांना दूर ठेवतो. ज्यांच्या या ज्ञानाला शतकानुशतकं किळसेने पाहिलं गेलं, त्यांचं ऋण अन्नशास्त्राच्या मराठी पुस्तकात पहिल्या पानांवर नोंदवायला हवं.

दुसरा रस्ता बर्फाचा, आणि इथे आपण भुशाकडे परत येतो.

१८३३ साली मे महिन्यात बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ, हिवाळ्यात तळ्यांवरून करवतीने कापून साठवलेला. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. हा व्यापार उभा करणारे फ्रेडरिक ट्यूडर. पुढच्या काळात या व्यापाराने बर्फ गुंडाळायला भुसा घट्ट धरला, कारण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आरागिरण्यांत तो फुकटात पडलेला होता. मुंबईतही बर्फघर उभं राहिलं, मद्रासलाही. लकडगंजसारख्या एखाद्या बाजारातला टाकाऊ भुसा सातासमुद्रापार बर्फ पोचवत होता. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला तेव्हा हा व्यापार बसला, पण लादीभोवती भुसा घालायची रीत तशीच राहिली.

भुशात असं काय आहे? हवा. लाकडाच्या बारीक कणांच्या मध्ये आणि कणांच्या आतही हवेच्या असंख्य कुप्या अडकलेल्या असतात, आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. कोरडा भुसा पाण्याच्या साधारण एक अष्टमांश ते एक दशांश इतकीच उष्णता वाहू देतो. आजचा थर्मोकोल त्याहून दुप्पट चांगला, हे मान्य. पण भुसा ओला झाला की कुप्यांत हवेच्या जागी पाणी शिरतं आणि सगळं गणित कोसळतं. म्हणून जाणते बर्फवाले वितळलेलं पाणी खालून निघून जाईल अशी वाट ठेवत आणि लादीच्या अंगाला लागलेला भिजका भुसा काढून बाहेरून कोरडा भरत. लादी फोडायचीही ते घाई करत नसत. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या बर्फाला सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच दहा सेंटिमीटरचे हजार तुकडे केले तर साठ. ऊन दहापट दारांनी आत येतं.

किती बर्फ लागतो, तेही पाहू. दोन किलो मटण ३९ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर सुमारे ५६ किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे ७०० ग्रॅम बर्फ. हे झालं फक्त मांस निववायला. वाटेत बाहेरून शिरणारी उष्णता वेगळी. म्हणून उष्ण प्रदेशातले मासळीवाले मासळीइतकाच बर्फ घेतात, किलोला किलो. हा ठोकताळा मटणालाही लागू पडतो. फक्त मांस त्या बर्फाच्या पाण्यात लोळू देऊ नका. ते झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डब्याच्या खाली, वर, बाजूंनी बर्फ.

आणखी एक गोष्ट, जी शिकाऱ्याला आणि खाटकाला दोघांनाही माहीत असते. पळवून-पळवून दमवलेल्या, घाबरलेल्या जनावराचं मांस लवकर नासतं. जनावर मेल्यावर स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेचं आम्ल होतं, मांसाचा सामू सातावरून साडेपाचाच्या आसपास उतरतो आणि हे आम्ल जंतूंना रोखतं. धावपळीत ती साखर आधीच जळून गेलेली असली तर पुरेसं आम्ल बनत नाही. मांस काळपट, चिकट राहतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. ट्रकमध्ये कोंबून, तहानलेले ठेवून, भर उन्हात आणलेल्या बोकडांचंही हेच होतं. जनावराशी दयेने वागणं इथे थेट आपल्या ताटाशी जोडलेलं आहे.

रानातली शिकार आता आपल्याकडे इतिहासजमा आहे आणि तशीच राहायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बांधून टाकली. सुरुवातीला परवान्यांची जी फट होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. पीक उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारलं तरी ते मारणाऱ्याचं होत नाही, सरकारची मालमत्ता होतं. पेंच, ताडोबा, मेळघाटाच्या वाटेवर कोणी रानातलं मटण देऊ केलं, तर घेणारा आणि देणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. घेऊ नका.

पण शिकाऱ्याचं हे शास्त्र रविवारच्या बाजाराला जसंच्या तसं लागू आहे. मे महिन्यातल्या रविवारी सावजी रश्श्यासाठी घेतलेलं मटण नागपुरात किती घरी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्कूटरच्या हुकाला लटकून, उन्हातून जातं! आत वाफ कोंडलेली, मांस ओलं आणि कोमट. त्याच वाटेवर आणखी भाजी घ्यायची, कोणाकडे तरी चहाला थांबायचं, आणि मग घरी येऊन सगळा गोळा तसाच फ्रीजरमध्ये कोंबायचा. गोळ्याच्या पोटात ती ऊब पुढे कित्येक तास तशीच राहते.

यापुढे मटण आणायला जाताना घट्ट झाकणाचा डबा आणि मटणाइतका बर्फ एका जाड पिशवीत घेऊन जा. बाजारातलं शेवटचं काम मटणाचं ठेवा. घरी आल्यावर त्याच वेळचं असेल तर लगेच फोडणीला टाका, आणि ठेवायचं असेल तर कोरडं पुसून, पातळ थरात पसरून ठेवा. घरी थर्मोकोलची पेटी नसेल तर लकडगंजला जाऊन पोतंभर कोरडा भुसा घेऊन या. तो आजही पूर्वीइतकंच चांगलं काम करतो.